निळ्या पाठीची सुरी

फाईलकाकांच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक सुरी टांगलेली असते. घरी कोणीही आलं, अगदी पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस असला, तरी त्याला ती पाहावी लागते. काका ती स्वतः काढतात, उजेडाकडे धरतात आणि म्हणतात, "पाठ बघा, पाठ." पाहुणा पाठ बघतो. पाठ गडद निळी असते, आणि धारेकडे येता येता तो निळा जांभळा होतो, मग तपकिरी, आणि शेवटी फिकट पिवळा. "हे रंग दिलेले नाहीत," काका म्हणतात, "आलेले आहेत." यापुढची हकीकत पाऊण तासाची आहे. इथे ती बरीच आवरती घेतली आहे, आणि काकांना ते मुळीच पटलेलं नाही.

फाईलकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कार्यालयाच्या तळघरात ते रेकॉर्डकीपर आहेत. तिथे येणारा प्रत्येक कागद चारांपैकी एका वर्गात जातो. 'अ' म्हणजे कायम जतन, 'ब' म्हणजे तीस वर्षं, 'क' म्हणजे पाच वर्षं आणि 'ड' म्हणजे वर्षभराने नष्ट. सत्तावीस वर्षं हे काम केल्यावर माणूस घरी आला म्हणून वेगळा वागेल ही अपेक्षाच चूक आहे. घरातही लग्नाचे फोटो 'अ', फ्रिजचं हमीपत्र 'क', वाणसामानाच्या याद्या 'ड' असा कारभार आहे. आपण स्वतः 'ब' वर्गात आहोत असा काकूंचा जुना आरोप आहे. काका तो फेटाळतात, पण म्हणावं तितक्या जोरात फेटाळत नाहीत.

या शांत आणि वर्गवार लावलेल्या आयुष्यात सुरी आली ती सासूबाईंमुळे.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य होत्या. तीस वर्षं रोज चारशे माणसांचं जेवण त्यांच्या नजरेखालून गेलं. कौतुक नावाचा पदार्थ मात्र त्यांनी कधी कोणाला वाढला नाही. काहीही दाखवा, काहीही सांगा, त्या फक्त "बरं" म्हणत. त्यांच्या मुलीची नोकरी लागली तेव्हा "बरं". जावई पसंत पडले का विचारलं तेव्हाही "बरं". त्या "बरं"चा अर्थ काय, यावर काका बावीस वर्षं विचार करत होते.

तर गेल्या खेपेला सासूबाई आल्या, मुलीला मदत करायला म्हणून ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरी हातात घेऊन टोमॅटो चिरायला घेतला. टोमॅटो चिरला गेला नाही. तो आधी दबला, मग फुटला आणि मग भिंतीवर गेला. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली.

"तुमच्याकडे टोमॅटो चिरत नाहीत वाटतं," त्या म्हणाल्या, "चिरडतात."

हे वाक्य त्यांनी मुलीला उद्देशून म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्या बघत होत्या काकांकडे. काका त्या वेळी हमीपत्रांना पंचिंग करत बसले होते. आपल्या हातात पंचिंग मशीन आहे आणि सासूबाईंच्या हातात टोमॅटोची साल आहे, या दृश्यातला अपमान त्यांना एकदम जाणवला आणि ते बोलून गेले, "पुढच्या खेपेला याल तेव्हा या घरात सुरी असेल. आणि ती मी माझ्या हाताने केलेली असेल."

काकू थिजल्या. या माणसाने बावीस वर्षांत भिंतीत साधा खिळा ठोकलेला नव्हता. सासूबाईंनी जावयाकडे एकवार पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर काकूंनी फार समजूतदारपणे सांगून पाहिलं. "अहो, विकत आणू या की छानशी. आईला काय कळणार आहे?"

"तुझ्या आईला कळणार नाही अशी एक तरी गोष्ट आजवर झाली आहे का?" काका म्हणाले. शिवाय प्रश्न सुरीचा राहिलाच नव्हता. आपण जन्मभर दुसऱ्यांनी केलेल्या कामांचे कागद सांभाळले, आपल्या हातचं असं काहीच कुठल्याही कपाटात नाही, हा विचार त्या "बरं"ने काकांच्या मनात जो रुतवला, तो निघता निघेना.

काकांनी सुरुवात त्यांच्या पद्धतीने केली. पोलादाची पट्टी आणण्याआधी दोन फायली उघडल्या. फाईल क्रमांक एक, 'पाते'. फाईल क्रमांक दोन, 'मूठ'. पात्यासंबंधी सगळं पहिल्या फायलीत, मुठीसंबंधी सगळं दुसरीत. विषयांची सरमिसळ म्हणजे रेकॉर्डरूमचा अंत, असं काका नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी सांगत असत. प्रत्येक फायलीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता होता, त्यात काम, तारीख, काम कोणी केले आणि शेवटी 'अभिप्राय' असा रकाना. अभिप्रायाचा रकाना काकांनी कोरा ठेवला. स्वतःच्या कामावर स्वतः अभिप्राय लिहू नये असा नियम आहे, आणि तो काकांनीच केलेला आहे.

तीन आठवडे ते संध्याकाळी बाल्कनीत बसून कानशीने पट्टी घासत होते. हाताला फोड आले. ते त्यांनी कार्यालयात इतक्यांना दाखवले की शेवटी साहेबांनी मलम मागवून दिलं. पट्टीला हळूहळू टोक आलं, पोट आलं आणि मागे मुठीत जाणारी शेपटी आली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना सगळी इमारत 'सर' म्हणत असे, रोज जिन्यात थांबून प्रगती विचारत.

"आकार ठीक आहे," सर म्हणाले, "पण अजून ही नुसती पट्टी आहे. हिला पाणी द्यायला हवं. लालबुंद तापवायची आणि तेलात बुडवायची. मग ती कडक होईल. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की समजायचं, वेळ झाली. चुंबक माझ्याकडे आहे."

लालबुंद तापवायला विस्तव हवा, विस्तवाला गच्ची हवी आणि गच्चीला इमारत समितीच्या सचिवांची परवानगी हवी. काकांनी अर्ज लिहिला. 'विषय : गच्चीवर पोलादी पट्टीस कडकपणा आणण्यासाठी दोन तास अग्नी प्रज्वलित करण्यास परवानगी मिळणेबाबत.' असा देखणा अर्ज सचिवांच्या हाती यापूर्वी कधी पडला नव्हता. समास सोडलेला, परिच्छेदांना क्रमांक. तो त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला, मग अटी घातल्या. पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची एक बादली आणि एक जबाबदार ज्येष्ठ रहिवासी हजर हवा. जबाबदार ज्येष्ठ रहिवासी म्हणून सर दोरीला चुंबक बांधून आले.

प्लंबरकडून मागून आणलेली गॅसची टॉर्च, विटांची छोटी भट्टी, डब्यात तेल. पट्टी लाल झाली, चुंबक चिकटायचं थांबलं, सर ओरडले, "आता!" आणि काकांनी पट्टी तेलात घातली. तेलाने एकदम पेट घेतला. काकांनी डब्यावर झाकण टाकलं, ज्वाला विझली, पण धूर उठला तो थेट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे सचिवांच्या चादरी वाळत होत्या. पुढे आठवडाभर सचिवांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, कढईत झोपल्यासारखं वाटत होतं.

पातं मात्र सरळ निघालं, न वाकता, न तडकता. कानस लावली की ती काचेवरून सरकावी तशी सरकत होती. मग सरांच्या सांगण्यावरून काकूंच्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये दोन तास मंद शेक दिला, म्हणजे पातं कडक राहील पण काचेसारखं फुटणार नाही. पातं फिकट पिवळ्या रंगाचं होऊन बाहेर आलं. त्यानंतर केलेल्या तीन केकना तेलाचा वास आला. काकूंनी ते शेजारी वाटून टाकले.

काकांनी पहिल्या फायलीवर 'काम पूर्ण' असा शिक्का मारला, तिची दोरी बांधली आणि भरल्या मनाने दुसरी फाईल उघडली. सासूबाईंना यायला आठ दिवस होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि त्याचं ऑपरेशन इकडेच ठरलं होतं. आठ दिवस म्हणजे मुठीसाठी चिक्कार वेळ. फाईल क्रमांक दोन, बाब क्रमांक एक : 'मुठीच्या खिळ्यांसाठी पात्याच्या शेपटीस दोन भोके पाडणे.'

काकांनी सरांचं ड्रिल मशीन शेपटीवर टेकवलं आणि बटण दाबलं. कीssss असा आवाज झाला, ड्रिलचं टोक काळं पडलं आणि टक्‌कन तुटलं. शेपटीवर साधा ओरखडाही नव्हता. काकांनी दुसरं टोक बसवलं, तेही तुटलं. तिसरं तुटलं तेव्हा सर खाली आले.

"फाईलकाका, अहो, भोकं आधी पाडायची असतात! पट्टी मऊ असताना. कडक झाल्यावर कसली भोकं पाडताय?"

काकांनी ड्रिल खाली ठेवलं. भोकं आधी पाडायची हे त्यांनी वाचलेलं होतं, लिहूनही ठेवलेलं होतं. पण भोकं मुठीसाठी होती. मुठीचा विषय मुठीच्या फायलीत गेला. आणि पात्याची फाईल बंद झाल्याशिवाय मुठीची उघडायची नाही, ही शिस्त. दुसरा कोणी धांदरट माणूस असता तर त्याच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याने एका चिठोऱ्यावर सगळं भरभर लिहिलं असतं आणि भोकं वेळेवर पाडली असती. ही चूक होण्यासाठी सत्तावीस वर्षांची सचोटीची नोकरी लागते.

आता सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आणा माझ्याकडे. माझ्या हिऱ्याच्या टोकापुढे काही टिकत नाही." काका पातं रुमालात गुंडाळून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ते दिव्याखाली धरलं, पाण्याची बारीक धार सोडली आणि सवयीने म्हणाल्या, "दुखलं तर हात वर करा." वीस मिनिटांनी शेपटीवर मोहरीएवढा खळगा पडला होता. बाहेर तीन पेशंट ताटकळत होते आणि आत काकांचा हात वर होता.

"माणसाच्या दाताला मला दहा सेकंद लागतात," डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या. "काका, ही तुम्ही फारच चांगली कडक केली आहे हो." ही स्तुती काकांच्या काळजाला झोंबली.

उपाय एकच होता आणि तो सरांनी कागदावर आलेख काढून समजावला. शेपटी पुन्हा तापवून मऊ करायची, फक्त शेपटी. धोका असा, की पोलादातून उष्णता चालत जाते. ती धारेपर्यंत पोचली तर धारही मऊ होणार, आणि मग तीन आठवड्यांच्या फोडांसकट सगळं मुसळ केरात. "पोलाद निळं झालं की मऊ होतं," सर म्हणाले. "निळ्यावर थांबा."

काकांनी पुन्हा अर्ज लिहिला. 'विषय : पूर्वी कडक केलेल्या पोलादी पट्टीच्या शेपटीस मऊपणा आणण्यासाठी गच्चीवर अग्नी प्रज्वलित करण्यास परवानगी मिळणेबाबत.' सचिवांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा वाचला.

"गेल्या महिन्यात कडक करायची परवानगी घेतलीत, आता मऊ करायची मागताय. आधी तुमचं नक्की काय ते ठरवा."

"धार कडकच राहणार आहे. फक्त शेपटी मऊ."

"मग आधीची परवानगी शेपटीपुरती रद्द समजावी असं पत्र लागेल. अंशतः रद्द. ते बैठकीपुढे ठेवू. बैठक महिनाअखेरीला."

खरं सांगायचं तर 'अंशतः रद्द' हा मुद्दा इतका बिनतोड होता की काकांना सचिवांबद्दल क्षणभर आदर वाटला. पण महिनाअखेर म्हणजे सासूबाई येऊन ऑपरेशन होऊन परत जायची वेळ. त्या रात्रीच्या जेवणाला काका नेहमीच्या निम्मं जेवले. मग उठून त्यांनी दोन्ही फायलींच्या मुखपृष्ठावर वर्ग लिहिला. 'ड'. वर्षभराने नष्ट.

काकूंनी ते पाहिलं. त्या फायलींजवळ गेल्या नाहीत. सकाळी मात्र त्या बाल्कनी रिकामी करत होत्या. कुंड्या एका बाजूला, कपड्यांची दोरी काढलेली.

"नियमांत गच्ची, जिना आणि सामाईक जागा असं म्हटलंय ना?" काकू म्हणाल्या. "बाल्कनी आपली आहे. तुमच्या सचिवांच्या अटींमधली वाळूची बादलीही अजून इथेच आहे."

काकांनी नियमांची प्रत काढून खात्री केली. कलम खरंच तसं होतं. लग्नानंतर बावीस वर्षांनी आपली बायको कलमाचा आधार घेऊन बोलली, या आनंदात ते कामाला लागले. वाळू भिजवून त्यांनी एका उभट डब्यात ठासली, पातं धारेसकट तिच्यात रोवलं आणि शेपटी तेवढी वर ठेवली. काकूंनी पात्याच्या मानेशी, शेपटी सुरू होते तिथे, मगाने थोडं थोडं पाणी सोडत राहायचं, म्हणजे उष्णता खाली उतरणार नाही. टॉर्च पेटवली. शेपटी पिवळी झाली, तपकिरी झाली, जांभळी झाली, निळी झाली, आणि काकांनी घाबरून टॉर्च बंद केली. निवल्यावर ड्रिल लावलं. टोकाने थोडं खरवडलं, किंचाळलं आणि तुटलं. चौथं.

त्याच क्षणी दाराची घंटा वाजली. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात पिशवी.

"इस्पितळाने तपासणी अलीकडे घेतली," त्या म्हणाल्या. "कसला वास येतोय? पोलाद तापवताय?"

काकांना वाटलं होतं, त्या 'काहीतरी जळतंय' म्हणतील. पण त्या भिंतीला हात लावत लावत सरळ बाल्कनीत आल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दूध सांडल्यासारखं पांढरं झालं होतं, माणसं नुसती आकाराने कळत होती. त्या स्टुलावर बसल्या, शेपटीवरून बोट फिरवलं आणि तुटलेली चार टोकं तळहातावर घेऊन मोजली.

"भोकं आधी पाडायची राहिली," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"हो," काका म्हणाले. आयुष्यात इतकं लहान उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

"कुठल्या रंगावर थांबलात?"

"निळ्या."

"निळा पाठीसाठी. शेपटीचं पाणी पुरतं उतरवायचं तर लाल लागतो. भडक नाही, अंधारात जेमतेम दिसेल इतकाच. तीनदा तापवायचं आणि दर वेळी टॉर्च हळूहळू लांब न्यायची. एकदम नाही."

काका बघतच राहिले. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"माझ्या वडिलांची लोहाराची भट्टी होती. लग्न होईपर्यंत भाता मी ओढला. दिवसाला वीस-वीस विळ्यांना पाणी दिलंय आम्ही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

काकांकडे कुटुंबाचीही एक फाईल होती. तिच्यात सासूबाईंच्या वडिलांच्या नावापुढे 'व्यवसाय' या रकान्यात काकांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती अप्राप्त'. बावीस वर्षं माहिती समोर बसून चहा पीत होती.

"पण मला आता रंग दिसत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. आवाज तोच, करडा, पण त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि ते एकमेकांत गुंतवले. "माझे वडील म्हणायचे, रंगात चूक झाली की गेलं. तुम्ही बघायचं, आणि मला सांगायचं. नुसतं पिवळं, निळं नको. पिवळे दहा असतात."

काकूंनी बाल्कनीच्या कठड्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत जाड ब्लँकेट टाकून अंधार केला. भर दुपारी तिघं त्या ब्लँकेटखाली वाकून बसली, मध्ये वाळूचा डबा. काकूंच्या हातात मग. काकांनी टॉर्च पेटवली.

"पिवळा," काका म्हणाले. "फिकट. साधारण दहा वर्षं जुन्या पावतीच्या कागदासारखा."

"ठीक."

"आता गडद. जुन्या जावक नोंदवहीच्या पानांच्या कडा असतात तसा. आता तपकिरी, फायलीच्या पुठ्ठ्याचा. लाल झाक येते आहे."

"जाऊ दे."

"जांभळा. रबरी शिक्क्याच्या शाईचा, शाई ताजी असताना. आता निळा, कार्बन पेपरचा... आता निळा उतरला. करडा. काहीच नाही. करडा."

"थांबू नकोस! पुढे!" सासूबाई ओरडल्या. "अरे, मानेजवळ नको, वर धर, वर! पोरी, पाणी!"

बावीस वर्षांत सासूबाईंनी जावयाला अरे-तुरे केलेलं नव्हतं. काकांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांनी टॉर्च मानेपासून वर घेतली. तळघरात सत्तावीस वर्षं ते कागदांचे रंग पाहत आले होते. कागद किती जुना, शाई कोणत्या सालातली, हे ते नुसत्या नजरेने सांगत. या नजरेचा कोणाला काही उपयोग असेल असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

"लाल," ते हळूच म्हणाले. "अगदी कमी. लाखेचं सील विझल्यावर आत उरतो तेवढाच."

"हाच," सासूबाई म्हणाल्या. "हाच तो. आता मागे घे. सावकाश."

तीन वेळा हे झालं. मग सासूबाईंनी कानस मागितली. त्यांनी ती आधी धारेवरून हलकेच ओढली आणि कान दिला. कानस सरकली, टिंग करून. धार जशीच्या तशी कडक होती. मग शेपटीवर ओढली. इथे कानस खर्रकन चावली. सासूबाईंनी कानस खाली ठेवली आणि ड्रिलकडे बोट केलं.

ड्रिल या वेळी किंचाळलं नाही. पोलादाची चकचकीत वेटोळी वर यायला लागली, लोण्यातून जावं तसं टोक आरपार गेलं. काकांना इतका आनंद झाला की दुसरं भोक त्यांनी थोडं तिरपं पाडलं.

"आता पाठ," सासूबाई म्हणाल्या. धार पाण्याच्या ताटात बुडवून पाठीवरून ज्योत फिरवायची, म्हणजे पाठ मऊ होते आणि सुरी पडली-आपटली तरी मोडत नाही. काकांनी पाठीवर कार्बन पेपरचा निळा आणला, आणि तिथेच थांबले. त्यांनी न विचारताच थांबायची जागा ओळखली होती.

दोन दिवसांत लाकडाची मूठ बसली, पितळेचे खिळे बसले, दगडावर धार लागली. काकांनी सुरी सासूबाईंपुढे ठेवली. सासूबाईंनी ती हातात घेतली नाही.

"डोळे आल्यावर बघीन," त्या म्हणाल्या. "न बघता मी काही बोलत नाही."

ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली. ते दिवस काकांनी कसे काढले ते काकूंनाच ठाऊक. सरांनी, डॉक्टरीणबाईंनी, इतकंच काय प्लंबरनेही सुरीची तारीफ केली. काकांनी सगळ्यांचे आभार मानले, पण अभिप्रायाचा रकाना उघडून कोणापुढे केला नाही. महिनाअखेरीला समितीचं पत्रही आलं, शेपटी मऊ करण्यास परवानगी आहे, मात्र चादरी वाळत नसताना. काकांनी ते योग्य जागी लावलं.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या सकाळी सासूबाई खिडकीशी येऊन बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. काकांनी सुरी दिली. सासूबाईंनी ती उजेडात धरली. पाठ पाहिली, पोट पाहिलं, उलटी केली, पुन्हा पाठ पाहिली. निळ्यापासून पिवळ्यापर्यंत नजर सावकाश खाली उतरली. काकू दारात उभ्या होत्या आणि काका उभेही नव्हते, बसलेलेही नव्हते.

"तू सांगितलास तसाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोच निळा." मग सुरी जवळ घेऊन म्हणाल्या, "मागचा खिळा तिरपा बसलाय."

"भोक तिरपं आहे. नोंद आहे," काका घाईने म्हणाले. "पान चौदा."

"दाखव."

काकांनी फाईल आणली. सासूबाईंनी पान चौदा वाचलं. मग शेवटचा तक्ता वाचला, चष्म्याशिवाय, बोट ओळीवर ठेवून. 'शेपटी मऊ करणे' या कामापुढे 'काम कोणी केले' या रकान्यात लिहिलं होतं : रंग पाहिले, मी. रंग ओळखले, सासूबाई. पाणी घातले, पत्नी. या ओळीवर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"हा शेवटचा रकाना कोरा का?"

"अभिप्रायाचा आहे. स्वतःच्या कामावर स्वतः लिहू नये."

सासूबाईंनी पेन मागितलं. काकूंनी पेनाबरोबर टोमॅटोही आणून दिला. सासूबाईंनी आधी टोमॅटो चिरला, पातळ, पलीकडचं बोट दिसेल इतका पातळ. मग सुरी पुसली, जपून ठेवली आणि कोऱ्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं : 'सुरी चांगली आहे.' खाली सही, तारीख.

काकूंनी वाकून ते वाचलं. त्यांनी पुन्हा वाचलं.

"आई!" त्या म्हणाल्या. "बाबांना अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तू एकदासुद्धा 'चांगलं' म्हणाली नाहीस!"

"त्यांनी सुरी कधी केली?" सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरा टोमॅटो घेतला.

काका आतल्या खोलीत गेले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, पोलादाचा कण असावा. टेबलाशी बसून त्यांनी दोन्ही फायली समोर ओढल्या, दोरी सोडली आणि त्या एकाच पुठ्ठ्यात एकत्र बांधल्या, पाते आणि मूठ, विषयांची सरमिसळ करून. मुखपृष्ठावरचा 'ड' त्यांनी एका रेघेने खोडला, शेजारी नियमाप्रमाणे सही केली, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं :

'अ. कायम जतन.'